उन्हाळा, पावसाळा आणि घाट : एकाच रायडिंग जॅकेटात भागतं का?

वाईचा_वाटसरू

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नोकरी पुण्यात, घर वाईला, सासुरवाडी चिपळूणला. गाडी ३५० सीसी. दर शनिवारी पुणे-खंबाटकी-सुरूर-वाई. शिवाय महिन्यातून एकदा पसरणी घाट चढून महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, मग कशेडी, खेड आणि चिपळूण. या दुसऱ्या रस्त्यावर एका दिवसात तिन्ही ऋतू भेटतात. डिसेंबरात पाचगणीला दात वाजतात आणि दोन तासांनी पोलादपूरला बनियन अंगाला चिकटलेलं असतं. जुलैचं तर बोलायलाच नको.

आजवर विंडचीटरवर काढलं. परवा दुकानात गेलो तर पोऱ्याने एक जॅकेट दाखवलं. बाहेरून मेश (जाळीचं कापड), आत चेनने लावायचा रेन लायनर (पाणी अडवणारं अस्तर), त्याच्याही आत थंडीसाठी थर्मल लायनर. म्हणाला, "सर, एकदाच घ्या, बारा महिने बघायला नको." किंमत साडेअकरा हजार. घालून बघितलं, दोन मिनिटांत दुकानाच्या एसीत घाम फुटला.

प्रश्न एवढाच : असं एकच जॅकेट खरंच तिन्ही ऋतूंना पुरतं का, की दोन वेगवेगळी घ्यावीत? बजेट १२ हजार. त्यावर एक रुपया नाही.

शंकासुर

वाचतोय. मलाही याच दुकानातल्या पोऱ्याने हेच सांगितलं असावं.

खाडीपलीकडचा

रेन लायनरबद्दल माझं ऐका, मी त्याला पैसे मोजून शिकलोय.

गेल्या पावसाळ्यात महाडच्या अलीकडे सर आली. एका बंद टपरीच्या पत्र्याखाली गाडी लावली. आता काय काय करायचं बघा. जॅकेट काढा. (इथे शर्ट भिजतो, कारण पत्रा हातभर रुंद.) बॅगेतून लायनर काढा. ओल्या हातांनी गळ्यापाशी ती बारीक चेन जुळवा, मग बाह्यांच्या टोकाला बटणं लावा. एक बटण सापडतच नाही, कारण ते बाहीत आत गेलेलं. आठ-दहा मिनिटांनी तयार होऊन निघालो, तर कशेडीच्या पायथ्याला लख्ख ऊन. परत काढा.

बरं, लायनर आत. म्हणजे बाहेरचं जॅकेट भिजतंच. ते पाणी पितं, जड होतं, आणि वारा लागला की गार पडतं. आतला शर्ट कोरडा, पण मी मात्र कुडकुडतोय. घरी जाऊन खुंटीला टांगलं तर खाली सकाळपर्यंत तळं. दुसऱ्या दिवशी तेच ओलं जॅकेट घालून परत यायचं, ही तर शिक्षाच.

त्यामुळे साधा उपाय : मेश जॅकेट आणि त्याच्यावरून घालायचा रेनकोट. एक-दोन साइज मोठा, जॅकेटसकट आत मावेल असा. दोन मिनिटांत चढतो आणि जॅकेट कोरडं राहतं.

स्प्लेंडरवाले_काका

आम्ही १९९६ पासून कराड-चिपळूण केलं. कुंभार्ली घाट. पावसाळ्यात रेनकोट, हिवाळ्यात स्वेटरच्या आत छातीवर कालचा पेपर. पेपर तेव्हा दीड रुपयाचा. जॅकेट साडेअकरा हजारांचं. बाकी चालू द्या.

शंकासुर

काका, पेपर अख्खा की फक्त पुरवणी?

स्प्लेंडरवाले_काका

अख्खा. पुरवणीने थंडी अडत नाही.

वऱ्हाडी_वारा

थंडी-पावसाचं तुम्ही बघा, मी उन्हाचं सांगतो. पुण्याच्या उन्हाला आमच्याकडे कोणी ऊन म्हणत नाही भाऊ.

मी नागपूर-चंद्रपूर करतो, मे महिन्यातही. लोकांना वाटते मेश म्हणजे उन्हाळ्याचे जॅकेट, जितकी जाळी जास्त तितके गार. हे ३५-३६ अंशांपर्यंत खरे आहे. आपली कातडीच साधारण तेवढी गरम असते. हवा त्याच्या खाली असेल तर वारा उष्णता काढून नेते. पण ४५ अंशांत तीच जाळी म्हणजे लोहाराच्या भात्यासमोर छाती उघडी करून बसल्यासारखे. वारा लागते, पण तो अंग भाजते आणि घाम इतक्या लवकर सुकवते की तुम्हाला घाम आला हेही कळत नाही. मग डोके दुखते, मग चक्कर.

मी काय करतो : सुती टी-शर्ट पूर्ण पाण्यात बुडवून, पिळून अंगात. त्यावर जॅकेट, आणि समोरून वारा येणाऱ्या चेना अर्ध्याच उघड्या. टी-शर्ट सुकत राहते तोवर अंग गार. अर्ध्या-पाऊण तासात कोरडा होतो, मग पाण्याची बाटली गळ्यातून आत. तोंडाला दुपट्टा आहेच. आणि पाणी प्यायचे, तहान लागायची वाट पाहायची नाही.

खाडीपलीकडचा

@वऱ्हाडी_वारा, हे ओल्या टी-शर्टचं एका मित्राचं ऐकून मी मे महिन्यात रत्नागिरी-गुहागर करून पाहिलं. हवेत आधीच इतका दमटपणा की टी-शर्ट सुकतोय कुठे! गुहागरला पोचलो तरी ओलाच. वर घामोळं आलं ते वेगळं. कोकणात फक्त जाळी आणि वारा. गाडी थांबली की संपलं.

वऱ्हाडी_वारा

बरोबर आहे, कोरड्या हवेचीच ती गंमत आहे. तुमच्याकडे सुकायलाच जागा नाही.

रगेल_राजारामपुरी

भावा, लेदर घे. एकदाच घ्यायचं, पोरगं पण वापरतंय.

खाडीपलीकडचा

चिपळूणच्या पावसाळ्यात? श्रावणापर्यंत त्यावर हिरवी बुरशी आणि भाद्रपदात अळंबी.

रगेल_राजारामपुरी

तेवढं सोडलं तर घे.

नकोसा_ब्रेक

ऋतूंची चर्चा छान चाललीय, पण जॅकेट मुळात थंडी-उन्हासाठी नसतं हे कोणीतरी म्हणायला हवं.

मागच्या जूनची गोष्ट. ताम्हिणी, पहिलाच मोठा पाऊस पडून गेलेला. रस्त्यावर उन्हाळाभराचं ऑइल तरंगत होतं. वेग फार नव्हता, चाळीस असेल. उजवं वळण, पुढचं चाक सुटलं आणि मी उजव्या कोपरावर आलो. दहा-बारा फूट घासत गेलो असेन. उठून पहिल्यांदा गाडी पाहिली (सगळे असेच करतात), मग हात. जॅकेटच्या उजव्या बाहीला कोपराखाली वीतभर पट्टा पांढरा पडून त्याचे तंतू पिंजारलेले. आतलं आर्मर (मार झेलणारं पॅड) जागेवर होतं. हाताला लाल वळ, बस. त्याच वेळी जीन्स मात्र गुडघ्यावर फाटून आत खडी गेलेली. डॉक्टरांनी ब्रशने ती घासून काढली तेव्हा मी टेबलाची कड धरून बसलो होतो. कोपर आणि गुडघा, एकाच पडण्यातले.

तेव्हा वाटसरू, आधी आर्मर आणि कापड बघा. गारवा-ऊब नंतर.

स्प्लेंडरवाले_काका

हे मात्र खरं आहे. मी १९९९ मध्ये हेळवाकच्या पुढे पडलो होतो, त्याची खूण अजून मनगटावर आहे. पेपरने तिथे काही केलं नाही.

राइनकाठचा_मराठी

जर्मनीत राहतो, इथे लेबल वाचायची सवय लागते, म्हणून थोडं त्यावर.

जॅकेटच्या आत शिवलेलं लेबल शोधा. दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दुकानदार त्या हमखास एकत्र करून सांगतात. पहिली आर्मरची. कोपर-खांद्याच्या आर्मरवर ईएन (म्हणजे युरोपीय मानक) १६२१-१ आणि पाठीच्या आर्मरवर ईएन १६२१-२ लिहिलेलं असतं, सोबत लेव्हल १ किंवा २. आर्मरवर ठरावीक जोराचा घाव घालून पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात. पाठीच्या लेव्हल १ मधून सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत गेलेलं चालतं, लेव्हल २ मधून फक्त ९. म्हणजे निम्मं.

दुसरी गोष्ट अख्ख्या जॅकेटची : ईएन १७०९२. त्यात ए, एए, एएए असे वर्ग. कापड फिरत्या यंत्रावर घासून किती टिकतं ते पाहतात. सर्वांत जास्त घासल्या जाणाऱ्या भागासाठी ए वर्गात ताशी ४५, एएमध्ये ७० आणि एएएमध्ये १२० किलोमीटर वेगाशी जुळणारी चाचणी असते. दुकानात "सर, सीई सर्टिफाइड आहे" (सीई हा युरोपातला मानकाचा शिक्का) म्हणतात ते बहुतेक वेळा फक्त आर्मरबद्दल असतं. जॅकेटच्या कापडाची चाचणी झालीय की नाही, ते वेगळं विचारा.

शंकासुर

आणि ते ६०० डी काय असतं? पोऱ्या तीनदा म्हणाला.

राइनकाठचा_मराठी

डेनियर. त्या धाग्याचा ९००० मीटर लांब तुकडा ६०० ग्रॅम भरतो, एवढाच अर्थ. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण पॉलिएस्टर आहे की नायलॉन, वीण कशी, शिवण दुहेरी-तिहेरी आहे की नाही हे त्यातून कळत नाही. कित्येकदा कापड टिकतं आणि शिवण उसवते.

बुलेटबाई

अजून एक, पाठीचा कप्पा उघडून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच जॅकेटांत पाठीत नुसता फोमचा तुकडा घातलेला असतो. हाताने दुमडला तर गादीतल्या स्पंजासारखा वळतो. ते आर्मर नव्हे, जागा अडवायला ठेवलेलं पॅकिंग आहे. खरं पाठीचं आर्मर वेगळं घ्यावं लागतं, त्याचे पैसे बजेटमध्ये धरा.

मापाबद्दल : आरशासमोर उभं राहून जॅकेट घेऊ नका. दुकानाबाहेर आपली गाडी असते ना, तिच्यावर बसा. हँडल धरा. मग दुसऱ्या कोणालातरी कोपराचं आर्मर चिमटीत धरून फिरवायला सांगा. ते कोपरावरून सरकून बाजूला गेलं, तर पडल्यावरही सरकणार. हाताचे पट्टे आवळून पुन्हा बघा. माझं पहिलं जॅकेट पुरुषांच्या मापाचं होतं, कारण "लेडीजमध्ये फक्त गुलाबी आहे मॅडम". खांदे ढगळ, कमरेत घट्ट, आणि कोपराचं आर्मर पार मनगटाकडे. दोन वर्षं मी मनगट सुरक्षित ठेवून फिरले.

नकोसा_ब्रेक

गुलाबीवरून आठवलं, माझं लाल आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमन रोज विचारतो, "पार्सल कितव्या मजल्यावर?" तीन वर्षं तिथेच राहतोय.

शंकासुर

काळं घ्या, मग बाउन्सर समजतात.

बुलेटबाई

काळं घेऊच नका. उन्हात तापतं आणि रात्री ट्रकवाल्याला दिसत नाही. राखाडी किंवा फिकट रंग, आणि पाठीवर-बाह्यांवर चमकणारी पट्टी. रेनकोट तर भडक पिवळाच. घाटातल्या धुक्यात तेवढाच दिसतो.

हिमालयाचा_नाद

रेन लायनरला सगळे झोडपताय म्हणून त्याची बाजू घेतो. पावसात तो निरुपयोगी, मान्य. पण थंडीत? मेशच्या आत तोच लायनर घातला की वारा पूर्ण बंद. आत एक साधी फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा स्वेटर). मनालीहून लेहला याच जोडीवर गेलो, थर्मल लायनर सॅकच्या तळाशी पडून होता. थंडीत गाडीवर खरा वैरी वारा असतो. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ६० ने चालला असाल, तर उघड्या अंगाला ती ५ अंशांसारखी लागते. वारा अडवला की निम्मी लढाई संपली. काकांचा पेपरही तेच करत होता.

स्प्लेंडरवाले_काका

बघा. लेहपर्यंत गेला आमचा पेपर.

वाईचा_वाटसरू

बाप रे, एवढे प्रतिसाद! ऑफिसात बसून वाचतोय, मीटिंगमध्ये हसू आवरत नाहीये.

महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, पोलादपूर पार पायथ्याला. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर नुसत्या उंचीनेच आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. म्हणजे माझं दात वाजणं आणि घाम येणं, दोन्ही शास्त्रशुद्ध आहे.

मला आतापर्यंत कळलेलं असं : मेश जॅकेट, वरून रेनकोट, थंडीला आत लायनर आणि फ्लीस. मग ते तीन थरांचंच घेतलं तर बिघडलं कुठे? पावसात लायनर वापरायचा नाही, एवढंच ना?

खाडीपलीकडचा

बिघडत नाही, पण साडेअकरा हजार तिथेच संपले की रेनकोटाला काय उरलं? लायनर नसलेली चांगली मेश जॅकेटं सहा-सात हजारांपासून मिळतात. रायनॉक्स, व्हायाटेरा वगैरे आपल्याकडच्याच कंपन्या आहेत, अंगावर चढवून बघा. थंडीला वारा अडवायचं काम तोच रेनकोट करतो. मी हिवाळ्यात पहाटे रेनकोट घालून निघतो, ऊन चढलं की घडी करून सॅकेत. लोक आभाळाकडे बघतात, बघू देत.

हिमालयाचा_नाद

रेनकोट घालून तासभर चालवा, आतून घामाने भिजाल. श्वास घेणारा पडदा असलेला लायनर बरा.

खाडीपलीकडचा

डिसेंबरात पाचगणीला घाम? तुम्ही गाडी चालवता की ढकलता?

हिमालयाचा_नाद

आमच्या गाडीचं वय पाहता, दोन्ही.

नकोसा_ब्रेक

पावसाचं अजून एक. जॅकेटचे खिसे वॉटरप्रूफ नसतात, दुकानदार काहीही म्हणो. माझा एक फोन छातीच्या खिशात बुडून वारला. आणि ग्लव्हज बाहीच्या आत घाला, बाहेरून नको. बाहेर घातले की बाहीवरून ओघळणारं पाणी थेट ग्लव्हमध्ये. माणगावला ग्लव्ह उलटा केला तर पेलाभर निघालं होतं.

तुळशीबागेतली_माऊ

मी गाडी चालवत नाही पण घरात एक जॅकेट आहे आणि त्याचा वास आहे. जुलै ते सप्टेंबर हॉलमध्ये ओल्या बोकडासारखा वास येतो. नवरा म्हणतो धुवायचं नसतं, खराब होतं. खरं आहे का?

बुलेटबाई

साफ खोटं. सगळी आर्मरं काढा (कुठलं डाव्या हाताचं ते लिहून ठेवा), चेना आणि पट्टे लावून घ्या, कोमट पाण्यात सौम्य साबण टाकून तासभर बुडवा, हाताने धुवा. ब्रशने खसाखसा नाही, पिळायचं नाही, कंडिशनर नाही. पाणी चहासारखं निघेल, घाबरू नका. सावलीत, रुंद हँगरवर. आर्मर नुसतं ओल्या फडक्याने पुसा. आणि ओलं जॅकेट डिकीत किंवा कपाटात कोंबणाऱ्या नवऱ्याला जरा बाहेर वाळत घाला.

तुळशीबागेतली_माऊ

प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

बुलेटबाई

आता मूळ प्रश्नाकडे. @वाईचा_वाटसरू, महिन्यातून एकदा चिपळूणला जाता म्हणालात. सासुरवाडीला एकटेच जाता?

वाईचा_वाटसरू

...नाही. सौ. मागे असतात.

बुलेटबाई

त्यांच्या अंगावर काय असतं?

वाईचा_वाटसरू

हेल्मेट असतं. चांगलं, आयएसआयचं. आणि... स्वेटर. स्कार्फ.

शंकासुर

धाग्यात अचानक शांतता.

नकोसा_ब्रेक

गाडी घसरली की दोघंही त्याच रस्त्यावर पडतात. मी त्या दिवशी एकटा होतो हे नशीब.

स्प्लेंडरवाले_काका

आमची ही २० वर्षं मागे बसली. साडी, एका बाजूला दोन्ही पाय, मांडीवर धाकटा. आता आठवलं की पोटात गोळा येतो. घ्या वाटसरू, दोन घ्या. पेपराचे पैसे मी देतो.

वाईचा_वाटसरू

चार दिवसांनी लिहितोय.

काल सौ.ना घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो. बुलेटबाईंनी सांगितल्याप्रमाणे गाडीवर बसून माप बघितलं. माझं पहिलं पसंत केलेलं जॅकेट तिथेच बाद झालं, कोपराचं आर्मर बोटभर सरकत होतं. एक साइज लहान घेतलं, उभं राहिलं की थोडं आखूड वाटतं पण बसल्यावर बरोबर. लायनर नसलेलं, राखाडी, आतल्या लेबलावर ए वर्ग. सौ.ना बायकांच्या मापात गुलाबी सोडून निळं मिळालं, पण त्यात पाठीला तो गादीतला स्पंजच होता. दोघांसाठी पाठीचं आर्मर वेगळं घेतलं, लेव्हल २. माझा रेनकोट पिवळा, त्यांचा जुनाच आहे तो सध्या चालेल, साइजने आधीच मोठा होता.

१२ हजारांचं बजेट कुठे गेलं ते विचारू नका. "एक रुपया नाही" हे वाक्य सौ.नी धाग्यात वाचून मला मोठ्याने वाचून दाखवलं.

सौ. विचारताहेत की निळं जॅकेट घालून चिपळूणच्या घरी थेट आत शिरायचं की दारातच काढायचं, कारण सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

खाडीपलीकडचा

दारात काढा आणि पडवीत टांगा. फक्त कोंबड्यांपासून लांब. माझ्या एका बाहीत मागच्या गणपतीत अंडं सापडलं होतं.

शंकासुर

फुटलं का?

खाडीपलीकडचा

नाही. कोपराचं आर्मर होतं ना.